परदेशातील अभ्याससत्र, मानवशास्त्र आणि भाषा : चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : क्षेत्रकार्य, सहभागी निरीक्षण, संपर्कभाषा, घरभाषा, माडिया, गोंडी, क्षेत्र-प्रकल्प

प्रस्तावना

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला एक सत्र परदेशात घालविण्याची मुभा असते. मेक्सिकोतील ओआहाका, पेरूमधील कुस्को, ग्वाटेमालातील अँटिग्वा ही अशा सत्रांची परिचित ठिकाणे होत. तेथे विद्यार्थी मानवशास्त्र, स्थानिक संस्कृती आणि स्पॅनिश भाषा असे तीन विषय एकाच वेळी शिकतो. हे तीन विषय वेळापत्रकाच्या सोयीसाठी एकत्र आलेले नाहीत. संस्कृतीचा अभ्यास भाषेवाचून होत नाही आणि भाषा त्या समाजात राहिल्यावाचून येत नाही, या मानवशास्त्रातील जुन्या अनुभवातून ही जुळणी झाली आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील महाविद्यालयांना या पद्धतीचा विचार करण्याचे निकडीचे कारण आता उपस्थित झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले. त्यामुळे विद्यार्थी गावात जाणार हे निश्चित झाले. मात्र तो तेथे कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या तक्त्यात कोठेही येत नाही. प्रस्तुत लेखात परदेशातील सत्राची रचना, तिच्या मर्यादा आणि आपल्या प्रदेशातील पूर्वानुभव यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

परदेशातील सत्राचे स्वरूप

अशा सत्राचा दिनक्रम साधारणतः ठरलेला असतो. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी व्याख्यान किंवा क्षेत्रभेट आणि उर्वरित वेळ यजमान कुटुंबात. या तिहींपैकी तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. मंडईत भाव करताना किंवा यजमान आजीबाईंना आपण मांस का खात नाही हे समजावून सांगताना विद्यार्थ्याची जी तारांबळ उडते, तीच त्याची खरी परीक्षा असते. वर्गात तो प्रौढ, सुशिक्षित असतो. घरात मात्र तीन वर्षांच्या मुलाइतकेच त्याला बोलता येते. हा अनुभव मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवश्यक समजला जातो.

यामागे ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांच्यापासून चालत आलेली परंपरा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घकाळ राहून त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली. त्यावर आधारित ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून दुभाष्याच्या आधारे, सरकारी बंगल्याच्या ओसरीत बसून केलेली चौकशी ही दुय्यम दर्जाची मानली जाऊ लागली.

तथापि या सत्राची एक मोठी मर्यादा आहे आणि आपल्या दृष्टीने तीच अधिक बोधप्रद आहे. ओआहाकाच्या डोंगराळ गावात राहणाऱ्या झापोतेक किंवा मिश्तेक कुटुंबाची घरभाषा स्पॅनिश नसते. स्पॅनिश ही तेथे शाळेची, कचेरीची आणि बाजाराची भाषा आहे. मेक्सिकोने २००३ मध्ये कायदा करून मूलनिवासी भाषांना स्पॅनिशबरोबर राष्ट्रीय भाषांचे स्थान दिले. २००८ च्या शासकीय सूचीत अशा भाषांचे ६८ समूह नोंदविले आहेत. तेव्हा स्पॅनिश शिकून गावात जाणारा विद्यार्थी गावाच्या अंगणापर्यंत पोहोचतो, माजघरापर्यंत नाही. ग्वाटेमालातील किचे समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू यांनी १९८२ मध्ये पॅरिस येथे आपले आत्मकथन सांगितले ते स्पॅनिशमध्ये, म्हणजे प्रौढपणी शिकलेल्या भाषेत. पुढे त्या कथनातील तपशिलांविषयी मोठा वाद झाला. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी एक गोष्ट राहतेच : जगाने ऐकलेले ते कथन मातृभाषेतील नव्हते.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील माडिया कुटुंबाच्या संदर्भात मराठीचे स्थान नेमके हेच आहे. पुण्याहून येणाऱ्या संशोधकाला मराठी ही त्या गावाची भाषा वाटते, कारण शाळेच्या फलकावर तीच लिहिलेली असते.

मराठी शिकण्यासाठी आलेले आणि मराठी मुलखातून गेलेले

परदेशी विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रात येऊन भाषा व समाज यांचा एकत्रित अभ्यास केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने पुण्यात मराठीच्या अध्यापनाची सोय केली. असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या महाविद्यालय-समूहाचे विद्यार्थीही अनेक वर्षे पुण्यात येऊन मराठी शिकत आणि स्थानिक कुटुंबांत राहून स्वतंत्र प्रकल्प करीत. या समूहातील कार्लटन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास केला. त्याच महाविद्यालयाच्या पदवीधर डॉ. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि पुढे त्या महाराष्ट्राच्याच झाल्या. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर संशोधन केले आणि जाई निंबकर यांच्यासमवेत मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये सिद्ध केले. या तिघींच्याही कामात भाषा हे साधन म्हणून आले आणि नंतर साधनापुरते उरले नाही.

उलट दिशेचे उदाहरण डॉ. इरावती कर्वे यांचे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, जर्मन भाषेच्या वातावरणात मानवशास्त्र शिकल्या आणि मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध सादर करून परतल्या. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून त्यांनी केलेल्या कामात कवटीची जागा क्रमाक्रमाने नातेसंबंधांनी घेतली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातील आप्तसंबंध-व्यवस्थेवरील ग्रंथ हा बव्हंशी निरनिराळ्या भाषांतील नात्यांच्या शब्दांवर उभा आहे. काका, मामा, आत्या या शब्दांची नोंद घेतल्यावाचून कुटुंबव्यवस्था कळत नाही, हे त्या ग्रंथाच्या मांडणीतूनच स्पष्ट होते.

मात्र या सर्व उदाहरणांत शिकण्याची भाषा मराठी किंवा जर्मन, म्हणजे व्याकरणे, कोश आणि शिक्षक उपलब्ध असलेली भाषा होती. गोंडीची गोष्ट निराळी आहे.

चांदा मुलखातील पूर्वानुभव

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून तेलुगू व कुई या तिच्या नातलग होत. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९.८ लाख आहे. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. माडिया ही तिचीच एक बोली मानली जाते, परंतु उत्तरेकडील गोंडी भाषकाला ती सहज उमगत नाही.

नागपूर येथे कार्य करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भाषेचा शब्दसंग्रह जमविला आणि लिंगोची कथा एका परधानाकडून लिहून घेतली. १८६३ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाल्यावर सर रिचर्ड टेंपल यांनी ही टिपणे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडी कथेचे मूळ शब्द कागदावर आणणारा हा आरंभीचा प्रयत्न होय.

या दृष्टीने सर्वाधिक विचारार्ह प्रयोग मात्र चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबादमध्ये झाला. (आजचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता, हे येथे लक्षात घ्यावे.) १९४० मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालील जोडेघाटच्या संघर्षानंतर निजाम सरकारला गोंडांच्या असंतोषाची कारणे जाणून घ्यावीशी वाटली. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्याने त्यांच्या हालचालींवर निर्बंध होते आणि संस्थानातच राहणे भाग होते. एका अर्थी त्यांचे हे सक्तीचे अभ्याससत्रच म्हणावे लागेल. ते व त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावात राहिले, गोंडी शिकले आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

परंतु ग्रंथापेक्षाही महत्त्वाची गोष्ट १९४३ च्या सुमारास मारलवाई येथे घडली. थोडेफार शिकलेल्या गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र तेथे सुरू झाले आणि त्यांच्यासाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. देवनागरीची निवड सकारण होती; त्या भागातील गोंडांना तेलुगूपेक्षा मराठीचा परिचय अधिक होता. अभ्यासकाने शिकलेली भाषा अशा रीतीने शाळेत परत गेली. बेटी यांचे १९८७ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचे दफन मारलवाईलाच करण्यात आले. मूळ मारलवाईतील प्रयोग चंद्रपूरच्या महाविद्यालयापासून फार दूर झालेला नाही. तरीही आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात ट्रोब्रियांड बेटे नेमाने येतात आणि मारलवाई येत नाही.

भाषा न जाणण्याची किंमत

भाषेवाचून केलेल्या क्षेत्रकार्यात नेमके काय चुकते, हे काही शब्दांच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल.

‘सगा’ हा शब्द घ्यावा. मराठीत सगा म्हणजे रक्ताचा, एका आईबापाचा. राजगोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे देवसंख्येवरून ओळखले जाणारे मोठे कुलसमूह असतात. ‘सगा’ ही संज्ञा या समूहासाठी आणि विवाहसंबंधाने जोडल्या जाणाऱ्या लोकांसाठी वापरली जाते. एकाच देवसंख्येच्या समूहात विवाह वर्ज्य असल्याने सोयरा हा दुसऱ्या समूहातूनच येतो. अशा परिस्थितीत ‘तुमचे सगे कोण?’ असा प्रश्न मराठी प्रश्नावलीत विचारला आणि उत्तरात आलेली नावे रक्तसंबंधाच्या रकान्यात भरली, तर संपूर्ण तक्ता उलटा होतो. विद्यार्थी प्रामाणिक असतो, उत्तर देणाराही प्रामाणिक असतो. चूक कोणालाच दिसत नाही.

दुसरे उदाहरण व्याकरणाचे. गोंडीत एकवचनी नामांचे पुरुषवाचक आणि पुरुषेतर असे दोन वर्ग पडतात. स्त्रिया, पशुपक्षी आणि वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. अर्धवट भाषा शिकलेला उत्साही अभ्यासक यावरून ‘या समाजात स्त्रीला वस्तूचे स्थान आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. शेजारच्या सिरोंचा तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या तेलुगूतही एकवचनात हीच व्यवस्था आहे, हे ठाऊक असलेला मात्र थबकेल. व्याकरणातील लिंग आणि समाजातील स्थान यांचा असा सरळ मेळ बसत नाही. बसत असता तर मराठीत ‘ते मूल’ म्हणणाऱ्यांविषयी काय म्हणावे?

‘गोटुल’ या शब्दाची कहाणी अधिक क्लेशदायक आहे. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरमधील मुरिया गोटुलावर १९४७ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. एल्विन यांची सहानुभूती वादातीत होती. परंतु त्यानंतर अनेक लेखकांनी आणि छायाचित्रकारांनी गोटुलाचा एकच पैलू उचलून त्याला चवीचा विषय केले. गडचिरोलीतील गावांत गोटुल हे बैठकीचे, निवाड्याचे, पाहुण्याच्या मुक्कामाचे आणि शिकण्याचे ठिकाणही आहे. बाहेरून आलेल्या तरुणाने गावात पहिलाच प्रश्न गोटुलाविषयी विचारला, तर गावकरी गप्प का होतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

आणि मुळात ‘गोंड’ हे नावच बाहेरच्यांनी दिलेले. हे लोक स्वतःला ‘कोइतूर’ म्हणवितात. प्रश्नावलीच्या पहिल्या रकान्यापासून ही दुहेरी नोंद सुरू होते.

ज्यांना या प्रदेशात टिकून काम करावयाचे होते, त्यांनी भाषेची वाट टाळली नाही. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा लोकांकडूनच ऐकत ऐकत शिकून घेतली. रुग्णाला कोठे दुखते हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही, इतका तो साधा व्यवहार होता. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते त्यांच्याच सांगण्यातून उलगडते. ‘गोईण’ म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणारी स्त्री ‘वनोपजाचे उपयोग’ या शीर्षकाखालील प्रश्नाला कसे उत्तर देणार, हे अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावे.

महाविद्यालयीन क्षेत्र-प्रकल्पाचा विचार

परदेशातील सत्रासाठी विद्यार्थ्याला हजारो मैल जावे लागते, कारण त्याच्या वर्गात झापोतेक बोलणारा सहाध्यायी नसतो. गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी चंद्रपूर आणि गडचिरोली येथील महाविद्यालये संलग्न आहेत आणि त्यांच्या वर्गांत माडिया, गोंडी, कोलामी, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली आणि झाडीबोली बोलणारे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. शाळेत यांपैकी बहुतेकांना एकच गोष्ट शिकविली गेलेली असते : आपली भाषा दाराबाहेर ठेवून यावे. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘पानी’ म्हणणारा मुलगा ‘पाणी’ म्हणू लागला की त्याची सुधारणा झाली असे समजले जाते. माडिया विद्यार्थ्याचे मौन याहूनही खोल असते.

क्षेत्र-प्रकल्पात हाच विद्यार्थी शिक्षक होऊ शकतो. परदेशी विद्यापीठे भाषा-शिक्षकाला आणि यजमान कुटुंबाला मानधन देतात. आपल्याकडे माडिया विद्यार्थ्याला फार तर ‘जरा यांच्याबरोबर जा आणि विचारून दे’ असे सांगून दुभाष्याचे काम फुकटात करून घेतले जाते आणि प्रकल्पावर नाव दुसऱ्याचे लागते. त्याच्या ज्ञानाला श्रेयांक मिळाले, गटातील इतरांना त्याच्याकडून सत्राच्या आरंभी काही आठवडे बोलण्याचे पाठ घेणे बंधनकारक झाले, तर वर्गातील मानाची उतरंड काही अंशी बदलेल. या कामी प्राध्यापकांनाही त्याच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावे लागेल. ही गोष्ट बोलण्यास सोपी आणि आचरण्यास कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे.

अडचणीही नाकारता येत नाहीत. एका सत्रात भाषा येत नाही. नमस्कार, नाती, धान्य, आजार आणि दिशा एवढे शब्द आले तरी पुष्कळ. त्यामुळे सखोल मुलाखतीचे विषय पहिल्या सत्रात देऊच नयेत. झाडांची नावे, नात्यांचे शब्द, बाजारातील मापे अशा मर्यादित नोंदी पुरेशा आहेत. शैक्षणिक दिनदर्शिकाही गावाच्या दिनदर्शिकेशी जुळत नाही. पहिले सत्र भर पावसाळ्यात आणि पेरणी-रोवणीत येते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. दुसऱ्या सत्राच्या शेवटी, परीक्षेच्या दिवसांत, गाव पहाटेपासून मोहफुले वेचण्यात गुंतलेले असते आणि पाठोपाठ तेंदूपानाचा हंगाम येतो. नवे फळ वा नवे धान्य खाण्यापूर्वी होणारे पंडुम हे विधी ज्या तिथीला गाव ठरवील त्या तिथीला होतात. त्यांची तारीख विद्यापीठाला आगाऊ कळविता येत नाही.

गावाची संमती हा याहून महत्त्वाचा मुद्दा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने याबाबत घालून दिलेला पायंडा अनुकरणीय आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. बाहेरून येणारा अभ्यासक गावाबरोबर बसून अभ्यास करतो, गावावर अभ्यास करून निघून जात नाही. ‘मावा नाटे मावा राज’ ही त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. ‘आमच्या गावात आमचे राज्य’ हा तिचा अर्थही अनेकांना पाठ असतो. परंतु गोंडीत गावाला ‘नार’ म्हणतात आणि ‘नाटे’ हे त्याचेच ‘गावात’ या अर्थाचे रूप आहे, एवढे सांगू शकणारे अध्यापक किती निघतील? सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या या गावाचा उल्लेख राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या कितीतरी शोधनिबंधांत येतो. त्यातील बहुतेक नोंदी मराठीतून केलेल्या मुलाखतींवर आधारलेल्या असतात.

त्याच धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या नावातच ‘गोटुल’ हा शब्द आहे. शासनमान्यता नसल्याच्या कारणावरून २०२२ मध्ये तिला नोटीस मिळाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मारलवाईतील केंद्र एका राज्यसत्तेने मानवशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून काढले होते. मोहगावची शाळा गावाने स्वतःच्या निर्णयाने काढली. तिला पाठ्यपुस्तके, शब्दसंग्रह आणि शिकविणारी माणसे हवी आहेत. जवळच्या महाविद्यालयांतील क्षेत्र-प्रकल्पांच्या वह्यांत दरवर्षी जमा होणारे गोंडी शब्द, नीट तपासून आणि सांगणाऱ्यांच्या नावानिशी, तेथवर पोहोचविता येतील.